तीन नंबरचं पार्किंग

मुलीचं बारावीचं गणित आणि सोसायटीचं पार्किंग यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं मला गेल्या ऑगस्टपर्यंत वाटलं नव्हतं. ही दोन वेगवेगळी दुखणी होती, ती वेगवेगळ्या वेळी उठायची, आणि दोन्हींवर माझा एकच उपाय होता, तो म्हणजे दुर्लक्ष. वीस वर्षं सरकारी खात्यात काढलेल्या माणसाला हा उपाय चांगला जमतो.

आमची इमारत बिबवेवाडीत. फ्लॅट बारा, पार्किंगच्या जागा सहा. शहाण्णव साली इमारत उभी राहिली तेव्हा मोटार एकच होती, चेअरमन रावसाहेबांची, आणि उरलेल्या पाच जागांत मुलं क्रिकेट खेळायची. पुढे ते उदारीकरण वाढलं. पेपरात ते मोठ्या अक्षरांत येत होतं, आमच्याकडे ते एकेक करून फाटकातून आत आलं आणि पार्किंगमध्ये उभं राहिलं. क्रिकेट खेळणारी मुलं आयटीत लागली. सहाच्या सहा जागा भरल्या. तरी वाकड्यातिकड्या गाड्या लावून निभत होतं, तोच दुसऱ्या मजल्यावरच्या उत्तरेश्वरने नवी गाडी आणली.

उत्तरेश्वर लातूरकडचा. हडपसरला कुठल्याशा कंपनीत आहे. मुलगा इतका सज्जन की त्याच्याशी भांडायला काही कारणच मिळत नाही, आणि सेक्रेटरीच्या दृष्टीने असा सभासद फार त्रासदायक. गाडीचे पेढे घेऊन तो पहिल्यांदा माझ्याकडेच आला आणि म्हणाला, "काका, गाडी कुठं लावू तेवढं सांगा. मला कसंही चालतंय."

मी पेढा खाल्ला आणि "बघू" म्हणालो. सेक्रेटरी हे पद मला नऊ वर्षांपूर्वी मिळालं, कारण त्या सभेला मी गैरहजर होतो. आमच्याकडे निवडणूक अशीच होते. तेव्हापासून "बघू" या एका शब्दावर मी सोसायटी चालवली आहे.

आता त्या जागांबद्दल सांगायला हवं. एक नंबर फाटकाशी, तिथे पाण्याचा टँकर येऊन गाडी धुऊन काढतो, आपण सांगितलेलं नसताना. दोन नंबर ड्रेनेजच्या झाकणावर. चार नंबरवर कबुतरं. पाच नंबरला दिवसभर ऊन. सहा नंबर मागच्या भिंतीशी, तिथून गाडी बाहेर काढायला बाकी पाच जणांचा स्वभाव चांगला असावा लागतो. आणि तीन नंबर. तीन नंबर जिन्यालगत, वर सज्जाची सावली, खाली फरशी. तिथे माझी मारुती उभी असते. ती तिथे चौदा वर्षं आहे. ती जागा मला कुणी दिलेली नाही, म्हणूनच ती कुणी काढून घेऊ नये अशी माझी अपेक्षा होती.

त्याच आठवड्यात नम्रताच्या कॉलेजातून बोलावणं आलं. नम्रता माझी मुलगी, बारावी कॉमर्स. कॉमर्सला गणित घ्यायलाच हवं असं नाही. गणित नको असेल तर एस.पी. नावाचा विषय घेता येतो, त्यात पत्रं कशी लिहायची ते शिकवतात. वर्गातल्या पाऊणशे जणांनी शहाणपणाने एस.पी. घेतलं, आमच्या बाईसाहेबांनी हट्टाने गणित. पहिल्या चाचणीत पंचवीसपैकी नऊ. त्या दिवशी तिला ताप होता, पण ताप मार्कलिस्टवर छापत नाहीत.

गणिताचे सर खडूने माखलेले आणि दमलेले दिसत होते, त्यामुळे ते मला लगेच आवडले. ते म्हणाले, "हे बघा, उपयोजित गणित आहे. त्याचा उपयोग झाला पाहिजे. हिने एक प्रोजेक्ट करावा. आकडे खरे हवेत, पुस्तकातले नकोत. माणसं खरी हवीत, प्रत्येकाची सही हवी. आणि त्या माणसांनी उत्तर मान्य केलं याचं पत्र हवं. तेवढं झालं तर मी हिला गणितात ठेवतो. नाही तर बोर्डाचा फॉर्म भरायच्या आत एस.पी.ला बदलून घ्या. पोरीचं वर्ष कशाला वाया घालवता?"

कॉलेजातून बसस्टॉपपर्यंत नम्रता माझ्यापुढे दहा पावलं चालत होती. बसमध्ये बसल्यावर खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, मला पत्रं नाही लिहायची. मला हे येतं रे. खरंच येतं." तिच्या आवाजावरून कळलं की आता माझ्या दुर्लक्षाच्या उपायाने भागणार नाही.

प्रोजेक्टचा विषय तिनेच काढला. त्यांना एक धडा आहे: चार माणसं, चार कामं, कुठलं काम कुणाला दिलं तर एकूण खर्च कमीत कमी होईल. ती म्हणाली, कामांऐवजी पार्किंगच्या जागा घेऊ आणि खर्चाऐवजी त्रास. प्रत्येकाने प्रत्येक जागेला शून्य ते दहा आकडा द्यायचा. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, दहा म्हणजे असह्य. याला तिने नाव दिलं त्रासांक. मग गणित करून सगळ्या सोसायटीचा एकूण त्रास कमीत कमी होईल अशी वाटणी काढायची.

मला हे पटलं. पटलं म्हणजे, तीन नंबर कुणाचा हा प्रश्न सेक्रेटरीकडून गणिताकडे जात होता, आणि गणिताच्या दारावर येऊन कुणी भांडत नाही.

रावसाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी कल्पना ऐकून घेतली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "विशेष सर्वसाधारण सभा लागेल. चौदा दिवसांची नोटीस. ठराव, सूचक, अनुमोदक. गोल शिक्का. आणि सेक्रेटरी, नोटिशीवर जावक क्रमांक टाका, गेल्या वेळी विसरलात." गेल्या वेळी म्हणजे दोन हजार सहा साली. प्रोजेक्ट द्यायची तारीख एकवीस दिवसांवर होती. सभा एक रविवार जरी पुढे गेली असती तरी सगळं मुसळ केरात.

आकडे गोळा करायला नम्रता वही घेऊन निघाली आणि सेक्रेटरी म्हणून मी मागे. आधी गेनबांकडे. इमारत आहे तिथे पूर्वी गेनबांचं वावर होतं. बिल्डरने जमिनीच्या मोबदल्यात त्यांना तळमजल्यावर फ्लॅट दिला, आणि जिथे कांदा लावायचे तिथेच ते आता जीप लावतात. त्यांनी सगळ्या जागांना दोन-दोन लिहिले.

"सगळीकडे दोन?" नम्रताने विचारलं.

"मला कुठंबी चालतंय पोरी. सगळी आपलीच जमीन हाय."

"मग शून्य लिहा ना, आजोबा."

"शून्य कसं लिवू? त्रास तर हायच की. तुमी सगळी ऱ्हाताय न्हवं हितं."

दुर्गाबाईंकडे मोटार नाही. मुलगा अमेरिकेत आहे, तो आला की घेईल, या बोलीवर त्यांनी सुरुवातीपासून पाच नंबर धरून ठेवलाय आणि त्यात पापड वाळवतात. "मोटार नसताना आपल्याला जागा कशाला?" असं मी फार वर्षांपूर्वी विचारलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "तुम्हाला डोकं नसताना सेक्रेटरीपद कशाला?" तेव्हापासून तो विषय मी काढलेला नाही. त्यांनी पाच नंबरच्या उन्हाला शून्य दिला आणि बाकी सगळीकडे आठ. वर नम्रताला म्हणाल्या, "गणित चांगलं आहे तुझं. वडिलांवर गेली नाहीस, बरं झालं."

पहिल्या मजल्यावरचे दोघे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. थोरल्याला एक नंबर पसंत पडला, धाकट्याला सहा, कारण त्यापेक्षा लांब जागा इमारतीत नाहीत. रावसाहेबांनी आपल्या दोन नंबरला तीन लिहिले आणि बाकी नऊ, तेही आधी पेन्सिलने लिहून, मग पेनने गिरवून. उत्तरेश्वरने तीन नंबरला तीन लिहिले, बाकी सहा-सात, आणि माझ्याकडे बघून ओशाळला. "काका, सावली आहे ना, म्हणून. राग नका मानू."

"छे, छे," मी म्हणालो. राग आला होता, पण पेढे खाऊन झाले होते.

माझा कागद मी सगळ्यांत आधी भरला होता, इतरांना उदाहरण म्हणून. तीन नंबरला एक, बाकी चार-पाच-सहा. प्रामाणिकपणे. खाली सही.

मग सभेच्या आदल्या शनिवारी मंडईतून भाजी घेऊन येताना रावसाहेब भेटले. म्हणाले, "कागद सभेत सगळ्यांपुढे वाचणार ना? उत्तम. कोण किती सुखात आहे ते कळेल." आणि ते गेले. माझ्या हातात दोन किलोचं कलिंगड होतं, पण जड झालं ते वाक्य. सगळ्यांपुढे. म्हणजे सेक्रेटरीने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय की मला जवळजवळ काहीच त्रास नाही. आमच्या शहरात "मी मजेत आहे" असं लेखी देणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. एकदा का तुम्ही सुखात आहात हे उघड झालं, की गणपतीची वर्गणी गोळा करण्यापासून गच्चीची टाकी साफ करून घेण्यापर्यंत सगळं तुमच्याच गळ्यात पडतं. दुर्गाबाईंचे आठ, रावसाहेबांचे नऊ, आणि माझा एक. लोक काय म्हणतील? चौदा वर्षं मलई खाल्ली म्हणतील.

घरी आल्यावर मी नम्रताचं गाइड उघडलं. अडाण्यासारखा आकडे बदलणारा माणूस मी नव्हे, आधी अभ्यास केला. पहिलीच पायरी अशी होती: प्रत्येक ओळीतला सगळ्यांत लहान आकडा त्या ओळीतल्या सगळ्या आकड्यांमधून वजा करा. मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे मी तीन नंबरला एक लिहिला काय आणि नऊ लिहिले काय, वजाबाकी झाली की तिथे शून्यच उरणार. गणिताला कळणार तीन नंबर मला हवाय, आणि लोकांना दिसणार की हा माणूस तिथेही किती सोसतोय. दोघांचंही समाधान. पुढची पानं होती, पण तेवढ्यात डोळा लागला.

उठल्यावर नम्रता घरी नाही असं पाहून मी फायलीतून माझा कागद काढला आणि नवा लिहिला. तीन नंबरला नऊ, बाकी सगळीकडे दहा. खाली सही. जुना कागद चार घड्या करून कचऱ्याच्या डब्यात टाकला. बायकोने, सुनीतीने, स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, काय टाकताय?" मी म्हणालो, "काही नाही, सोसायटीचं." हे उत्तर आमच्याकडे चालतं.

रात्री जेवताना नम्रता म्हणाली, "बाबा, एक अडचण आहे. माणसं सात आहेत आणि जागा सहा. चौकोन जमायला हवा, म्हणून एक खोटा रकाना घालावा लागतो. डमी म्हणतात त्याला. त्यात सगळ्यांसाठी शून्य लिहायचं."

"घाल ना मग," मी म्हणालो.

"डमी म्हणजे काय ते समजलंय ना तुला?"

"गणित तुझं आहे बाई, तूच बघ." ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मला वाटलं, मिशीला वरण लागलंय. मी मिशी पुसली.

सभा रविवारी अकरा वाजता पार्किंगमध्येच. गाड्या बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. रावसाहेबांनी गणपूर्ती तपासली, मागील सभेचं इतिवृत्त वाचलं, ते दोन हजार सहाचं निघालं, ते कायम केलं. मग नम्रता उभी राहिली. पुठ्ठ्यावर तक्ता होता. तिने प्रत्येकाची ओळ वाचली. माझी ओळ आली तेव्हा, "दहा, दहा, नऊ, दहा, दहा, दहा," आणि सगळे माझ्याकडे वळले. चेहऱ्यांवर मला हवी होती तशी सहानुभूती होती. गेनबा तर म्हणाले, "आरारा. इतकं सोसत हुता व्हय?" मी मान खाली घातली. तेवढं एक मिनिट फार चांगलं गेलं.

मग उत्तर. एक नंबर थोरला भाऊ, सहा नंबर धाकटा. दोन रावसाहेब. चार गेनबा, त्यांनी कबुतरांकडे पाहून "असूंद्या" म्हटलं. पाच दुर्गाबाई आणि पापड. तीन नंबर, नम्रता थांबली, तीन नंबर उत्तरेश्वरदादा.

"आणि सेक्रेटरी?" रावसाहेबांनी विचारलं.

"बाबा डमी रकान्यात."

"हे डमी इमारतीत कुठे आहे?"

"नाहीये," नम्रता म्हणाली. "सात माणसं आणि सहा जागा, म्हणजे एक जण बाहेर जाणार. डमी म्हणजे रस्ता. आत ठेवल्यावर ज्याचा त्रास सगळ्यांत जास्त, त्याला बाहेर ठेवलं की सोसायटीचा एकूण त्रास सगळ्यांत कमी होतो."

मी हळू आवाजात विचारलं, "पण ती ओळीतली वजाबाकी?"

"ओळीतला सगळ्यांत लहान आकडा वजा करायचा, बाबा. डमीमुळे प्रत्येक ओळीत शून्य आहे. शून्य वजा केलं की नवाचे नऊच राहतात."

दुर्गाबाई पदराआडून म्हणाल्या, "बरोबर आहे. ज्याला इथे कुठेच चैन पडत नाही, त्याने बाहेर जावं." उत्तरेश्वर अर्धवट उठला, "काका, तुमची जागा तुम्हीच ठेवा, मी लावतो बाहेर." रावसाहेबांनी त्याला हाताने खाली बसवलं. ठराव मांडला गेला. सूचक थोरला भाऊ, अनुमोदक धाकटा. अकरा वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं, तेही माझ्यावरून. ठराव एकमताने मंजूर. एवढ्या झटपट आमच्या सोसायटीत शोकप्रस्तावसुद्धा मंजूर झालेला नाही.

"सेक्रेटरी, सही," रावसाहेब म्हणाले.

एका वाक्याचं काम होतं. आकडे लिहिताना चूक झाली, पुन्हा घ्या. माझा तो हक्कच होता. मग नवी नोटीस, पुन्हा चौदा दिवस, आणि प्रोजेक्ट द्यायचा होता सोमवारी. मी नम्रताकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. फाईल छातीशी धरून ती मारुतीशिवाय रिकाम्या दिसणाऱ्या तीन नंबरच्या फरशीकडे बघत होती. तिला बसमध्ये असंच खिडकीबाहेर बघताना मी पाहिलं होतं. मी सही केली. गोल शिक्का मारला. जावक क्रमांकही टाकला.

रस्त्यावर गाडी लावणं हा वेगळा अभ्यासक्रम आहे. आमच्या रस्त्याला सम तारखेला एक बाजू आणि विषम तारखेला दुसरी. रोज सकाळी कॅलेंडर बघायचं आणि गाडी पलीकडे न्यायची. महिना एकतीसचा असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विषमच, हे न कळल्यामुळे पहिल्याच एक तारखेला मी गाडी उगाच पलीकडे नेली, आणि ती क्रेनवाल्यांनी उचलून नेली. सोडवून आणायला उत्तरेश्वरने मला त्याच्या गाडीतून नेलं. गाडी त्याने अर्थातच तीन नंबरवरून काढली. सावलीतली होती, सीट गार लागली.

प्रोजेक्ट तपासून आला तो दिवस गेल्याच आठवड्यातला. नम्रता आली, चप्पल दारात उडवली आणि फाईल माझ्या मांडीवर ठेवली. वीसपैकी वीस. गणितातच राहायचं, असं सरांनी लाल शाईत लिहिलं होतं. सुनीतीने शिऱ्याला रवा काढला. मी फाईल चाळली. मुलीच्या हातचे सरळ रकाने, सात जणांच्या सह्या, शेवटी माझाच शिक्का. बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

मग शेवटून दुसरं पान आलं. वर लिहिलं होतं, 'एका सभासदाने त्रास वाढवून सांगितल्यास उत्तरात होणारा फरक'. खाली दोन तक्ते होते. पहिल्या तक्त्यात सभासद क्रमांक सातच्या ओळीत तीन नंबरखाली एक होता, बाकी चार-पाच-सहा. उत्तर: सभासद क्रमांक सात, जागा क्रमांक तीन. पानाला चिकटवलेल्या कागदावर चार घड्यांच्या खुणा होत्या आणि एका कोपऱ्याला हळद लागली होती.

"तुला आधीच माहीत होतं?" मी विचारलं.

"शनिवारीच."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"जेवताना विचारलं होतं की," ती म्हणाली. "मला वाटलं, तू सांगशील."

नऊ वर्षांत पहिल्यांदाच मला "बघू" म्हणता येईना. ती म्हणाली, आकडे सहीचे होते, सहीचे आकडे तिला बदलता येणार नव्हते, आणि खरे आकडे हवेत असं सरांनी सांगितलं होतं. हे ती रागाने म्हणत नव्हती. रागाने म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

"खाली बघ, सरांनी काय लिहिलंय."

पानाच्या तळाशी लाल शाईत होतं: 'सभासद क्र. ७ चं उदाहरण उत्तम. पण मिळणारी जागा सोडून त्रासच जास्त दाखवणारे लोक खरंच असतात का? खुलासा करा.'

"उद्या खुलासा करून द्यायचाय," नम्रता म्हणाली. पेनचं टोपण काढून ती माझ्या शेजारी बसली. "काय लिहू?"

स्वयंपाकघरात रवा भाजल्याचा वास सुटला होता. भिंतीवरच्या कॅलेंडरात सतरा तारीख होती, म्हणजे विषम, आणि गाडी अजून समच्या बाजूला उभी होती.

"लिही, असतात म्हणून," मी म्हणालो. "आणि खाली सहीला जागा ठेव. गाडी हलवून आलो की करतो."